फ्रीजर उघडताना पाटावर उभं राहावं लागतंय का?



या पानावर आपण एरवी तलावाचा ठेका, मत्स्यबीज, जाळ्यांचे भाव, विम्याचे फॉर्म याबद्दल लिहितो. आजची पोस्ट घरातल्या विजेबद्दल आहे. पाणीगेट भागात राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या घरी थकबाकीच्या कामानिमित्त जाणं झालं, तेव्हा वेगवेगळ्या घरांत एकच वाक्य ऐकायला मिळालं: "जरा जपून हां, फ्रीजरला हात लावला की झिणझिण्या येतात." एका घरी वहिनींनी त्यावर उपायही करून ठेवलाय. डीप फ्रीजरसमोर लाकडी पाट. मासळी काढायची तर पाटावर उभं राहायचं, उजव्या हाताला कोरडा नॅपकिन गुंडाळायचा आणि झाकण उचलायचं. घरातल्या सात वर्षांच्या मुलीलाही हे शिकवलेलं आहे.

पाट ठेवण्यात वहिनींची चूक नाही. लाकूड कोरडं असेल तर करंट पायातून जमिनीत जात नाही, हे त्यांना अनुभवानं कळलेलं आहे. पण पाट भिजला, किंवा घाईत कुणी पाटाशेजारी ओल्या फरशीवर उभं राहिलं, तर त्याच फ्रीजरचा तोच करंट झिणझिणीवर थांबेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आज झिणझिणी येते याचा अर्थ एवढाच की आज चप्पल कोरडी होती.

आकडे सांगतो, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. माणसाला साधारण १ मिलिअँपिअर करंट जाणवतो. १० च्या आसपास गेला की हाताची मूठ आपोआप आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे काही क्षण जरी टिकला तरी श्वास आणि हृदय धोक्यात येतं. आता घरातला ९ वॅटचा छोटा एलईडी बल्ब घ्या. तो २३० व्होल्टवर सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे माणूस जायला लागणारा करंट आपल्या देवघरातल्या बल्बमधून रोज संध्याकाळी वाहतोच आहे.

आपल्या घरांत हा धोका इतरांपेक्षा जास्त का, हे मच्छीमारांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे फरशी कोरडी कधी असते? बर्फ वितळतो, टोपली गळते, मासळी धुतल्याचं पाणी मोरीपर्यंत जातं, हात ओले, त्यात मीठ. मिठाच्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज जाते आणि ओल्या कातडीचा विरोध कोरडीच्या तुलनेत फारच कमी. पुन्हा फ्रीजर ठेवलेला असतो मागच्या पडवीत, जिथं मुळात प्लगच नव्हता. मग स्वयंपाकघरातून एक बारीक एक्स्टेंशन ओढलेलं, त्याला मध्ये जोड, जोडावर टेप, आणि ते सगळं दाराच्या फटीतून बाहेर आलेलं. दार लागलं की वायर चेपते. वर्षानुवर्षं चेपते.

पाणीगेटची घरं तर जुनी. बडोद्याच्या कोटाची चार दारं आपल्याला पाठ आहेत: पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लेहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट, आणि मध्ये मांडवी. या आतल्या घरांत वीज आली तेव्हा ती चार बल्ब आणि एका पंख्यापुरती आली. भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर क्लिपांनी बसवलेली रबराची वायर, दाराजवळ चिनी मातीचा फ्यूज. पुढे टीव्ही आला, फ्रीज आला, मिक्सर आला, गिझर आला. प्रत्येक वेळी कुणीतरी आधीच्याच वायरला पीळ मारून नवी वायर जोडली. आज एका घरात आम्ही पाहिलं तर लाकडी पट्टी आहे, तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी आहे आणि शेजारून भिंतीत पुरलेला पाइप आहे. तीन पिढ्यांची वायरिंग, तिन्ही चालू. कुठली वायर कुठं जाते हे मालकाला माहीत नाही, भाडेकरूला माहीत नाही, आणि ज्यानं ओढली तो वायरमन आता हयात नाही.

२००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो. चार बल्ब आणि एका पंख्याच्या वायरवर हा भार टाकला की वायर तापते. साध्या पीव्हीसी वायरचं वेष्टण ७० अंशांपर्यंत टिकण्यासाठी बनवलेलं असतं. त्यापुढे ते कडक होतं, मग तडकतं. गिझर किंवा फ्रीजरच्या प्लगसाठी निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, मोठ्या गिझरला चारची. दिव्यांना दीड पुरते. दुकानात मागताना हा आकडा सांगा आणि वायरवर आयएसआय छाप बघा. नुसतं "जाड वायर द्या" म्हटलं की दुकानदाराला जी खपवायची ती मिळते.

सैल जोड हा त्याहून वाईट. त्याला काही होताना दिसत नाही. समजा एका जोडात फक्त ०.१ ओहम विरोध आहे, काहीच नाही म्हणण्याइतका. त्यातून १६ अँपिअर गेले की त्या एका ठिकाणी २५ वॅटहून जास्त उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डर करायची इस्त्री २५ वॅटची असते. तशी एक इस्त्री तुमच्या भिंतीत, लाकडी पट्टीला टेकून, गिझर चालू असेपर्यंत तापत राहते. आणि ज्यांच्याकडे चिनी मातीच्या फ्यूजमध्ये फ्यूज वायरऐवजी साधी तांब्याची तार घातलेली आहे, त्यांच्याकडे ते तापणं थांबवणारं काहीच उरलेलं नाही. (खरं तर सैल जोडाची उष्णता चांगला फ्यूजही ओळखत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून जोड तपासावेच लागतात.)

इथं एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. प्लगचं किंवा बटणाचं प्लॅस्टिक आतून तापायला लागलं की त्याला बऱ्याचदा खराब मासळीसारखा वास येतो. दुसऱ्या कुणाच्या घरात असा वास आला तर ते शोध घेतील. आपल्या घरात? कुणी ढुंकूनही बघणार नाही. एका सभासदाच्या घरी आठवडाभर टोपल्या धुवून झाल्या, फ्रीजर रिकामा करून झाला, मोरीत फिनेल ओतून झालं. वास येत होता तो गिझरच्या बटणातून. बोर्ड उघडला तेव्हा आतला स्क्रू काळा पडलेला आणि वायरचं टोक राखेसारखं झालेलं. तेव्हा मासळी साफ आहे आणि तरी वास जात नाही, तर बोर्डांवर हात फिरवून बघा. हात कोरडा हवा, आणि बाहेरून प्लॅस्टिकवरच. गरम लागला तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.

शॉर्टसर्किट हा शब्द बातम्यांत इतका येतो की त्याचं गांभीर्यच गेलंय. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. भंडारा हा तलावांचा, ढीवर बांधवांचा जिल्हा. २४ मे २०१९ रोजी आपल्या शेजारच्या सुरतेत तक्षशिला इमारतीच्या आगीत शिकवणीला आलेली २२ मुलं गेली. दोन्ही ठिकाणी चर्चा विजेच्या बिघाडाचीच झाली. त्या मोठ्या इमारती होत्या म्हणून बातमी झाली. घराची आग जिल्हा पानावर चार ओळीत संपते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

एका पोळीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या आपल्या सभासदानं आधीच्या पावसाळ्यात चांगलं काम केलं होतं. झिणझिण्यांना कंटाळून त्यांनी मीटरनंतर आरसीसीबी बसवून घेतली. पण ती रोज पडायला लागली. दिवसभर ठीक, आणि दिवेलागणीला खटकन पडायची. घरातल्या आजी म्हणायच्या, तिन्हीसांजेला काहीतरी आहे. चार दिवस अंधारात काढल्यावर गल्लीतल्या एका कारागिराला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत प्रश्न सोडवला: दोन्ही वायरी आरसीसीबीतून काढून थेट जोडून दिल्या. "डायरेक्ट" करून दिलं. डबा भिंतीवर आहे, दिवा लागतो, सगळे खूश. आणि फ्रीजरसमोर पाट परत आला.

आरसीसीबी काय करते ते आपल्या भाषेत सांगायचं तर ती धक्क्यावर बसलेल्या माणसासारखी आहे. सकाळी किती होड्या गेल्या आणि संध्याकाळी किती परत आल्या, एवढंच मोजते. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा जरी फरक पडला तरी ती समजते की काही करंट दुसऱ्याच वाटेनं गेला, भिंतीतून, पाइपातून, किंवा माणसाच्या अंगातून, आणि पापणी लवायच्या आत लाइन तोडते. एमसीबी हे काम करत नाही. १६ अँपिअरची एमसीबी वायर वाचवण्यासाठी असते. माणसाला मारायला लागतो त्याच्या पाचशेपट करंट ती बिनतक्रार जाऊ देते. "आमच्याकडे नवीन एमसीबी आहेत, काळजी नाही" असं जे म्हणतात त्यांनी हे दोनदा वाचावं.

मग ती दिवेलागणीलाच का पडायची? संस्थेच्या ओळखीच्या परवानाधारक वायरमनभाईंनी एक सकाळ घालवून शोधलं. आधी घरातले सगळे प्लग काढले, सगळ्या एमसीबी पाडल्या, आरसीसीबी चढवली. टिकली. मग एकेक एमसीबी वर केली. गिझरची केली तशी पडली. गिझरचा रॉड क्षारांनी तडकलेला होता, त्यातून पाण्यात गळती होती. झिणझिणी आंघोळीच्या बादलीतही यायची, पण ती थंडीमुळे वाटते असं सगळ्यांनी धरलं होतं! गिझर बाजूला काढला. बाकी सगळं चढवलं, टिकलं. भाईंनी शेवटी जिन्यातला दिवा लावला आणि खटकन पडली.

जिन्यातल्या त्या दिव्याला फेज वरच्या मजल्याच्या बोर्डातून होता आणि न्यूट्रल खालच्या मजल्याच्या जुन्या लाइनमधून. कधीकाळी कुणीतरी वायर वाचवली होती. म्हणजे वरून ४० मिलिअँपिअर जायचे आणि खालच्या घरातून परत जायचे. वरची आरसीसीबी मोजायची: होडी गेली, आली नाही. पडायची. तिनं तिचं काम चोख केलं होतं. दुरुस्ती काय, तर जिन्यातून पंधरा-वीस फूट न्यूट्रलची वायर ओढणं. त्यासाठी आजींची संध्याकाळ बदनाम झाली आणि घरातली चार माणसं पूर्ण पावसाळा उघडी राहिली.

घरमालकाचं म्हणणं असं होतं की चाळीस वर्षं चालतंय तर आता का बदलायचं, आणि भिंत फोडायची नाही. भाडेकरूचं म्हणणं, घर माझं नाही तर पैसे मी का घालू? दोघांचंही आपापल्या जागी खरं वाटतं, आणि त्यात काम राहून जातं. आमचं मत स्पष्ट आहे. आरसीसीबी भाडेकरूनं स्वतःच्या पैशानं स्वतःच्या बोर्डावर बसवावी. दीड-दोन हजारांच्या आसपास मिळते आणि घर सोडताना काढून नेता येते. वायरिंग आणि अर्थिंगसाठी मालकाला लेखी द्यावं, तारीख टाकून, एक प्रत स्वतःकडे ठेवून. तोंडी भांडण विसरलं जातं, कागद राहतो. मीटरपर्यंतची लाइन वीज कंपनीची, मीटरनंतरची आपली, हेही लक्षात असू द्या. मीटरच्या आधी ठिणग्या दिसत असतील तर बिलावरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा, स्वतः हात घालू नका.

हा काही हौसेचा खर्च नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतच ठरावीक भाराच्या पुढच्या जोडण्यांना गळती ओळखणारं यंत्र लावायला सांगितलं होतं, २०२३ ला नियम नव्यानं आले त्यातही ते आहे. गंमत बघा, १९६० साली गुजरात वीज मंडळ झालं त्याचं मुख्यालय आपल्याच बडोद्यात, विजेची उपकरणं तपासणारी इर्डा ही संस्था १९७४ पासून आपल्याच मकरपुऱ्यात, आणि पाणीगेटातल्या घरात थ्री-पिनच्या वरच्या भोकामागे वायरच नाही.

ते वरचं मोठं भोक म्हणजे अर्थिंग. आम्ही पाहिलेल्या बहुतेक जुन्या बोर्डांत ते नुसतं शोभेला आहे. अर्थिंग नसेल तरी आरसीसीबी काम करते, पण ती तेव्हा पडते जेव्हा कुणीतरी हात लावतो. अर्थिंग असेल तर गळती आधीच जमिनीत जाते आणि कुणी हात लावायच्या आत लाइन तुटते. दोन्ही हवंच. काही कारागीर अर्थिंगच्या भोकातून न्यूट्रलला तुकडा जोडून देतात आणि म्हणतात, झालं अर्थिंग. हे फार वाईट काम आहे. जुन्या घरात न्यूट्रल कुठंतरी तुटली की त्या तुकड्यामुळे फ्रीजरच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. तसंच नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणं. पोळीत पाइप सामाईक, तुमच्या गिझरची गळती शेजारच्या मावशींच्या नळाला.

पावसाळ्याचं थोडं. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, ऑगस्ट २०२४ अखेर विश्वामित्री पुन्हा शहरात शिरली. नदीचं पाणी दारात आलं नाही तरी विटा-मातीच्या जुन्या भिंती चार महिने पाणी पितात, आणि वायर त्यांच्यातच आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरेल त्यांनी पाण्यात उभं राहून मेन बंद करायला जाऊ नये, कंपनीला लाइन तोडायला सांगावं. पाणी ओसरलं म्हणून लगेच स्विच लावू नये. बुडालेले प्लग उघडून, धुवून, पूर्ण वाळवून मगच. बुडालेली एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून वापरायची नसते, बदलायची असते.

होडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. इंजिनाची बॅटरी घरी आणून चार्ज करता तेव्हा १२ व्होल्टकडून शॉक बसत नाही म्हणून आपण चार्जरकडे दुर्लक्ष करतो. पण त्याची दुसरी बाजू २३० व्होल्टची आहे आणि पेटी बहुधा पत्र्याची. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो, म्हणून बॅटरी झोपायच्या खोलीत नको, देवघराजवळ तर नकोच. क्लिपा आधी लावायच्या, मग स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग क्लिपा.

१८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यातल्या सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा आपल्यातला प्रत्येक जण चिडला होता, आणि ते बरोबरच होतं. डायरेक्ट केलेली आरसीसीबी म्हणजे खुंटीला टांगून ठेवलेलं जॅकेट आहे.

कुणाला शॉक बसून चिकटलेला दिसला तर त्याला हातानं ओढू नका. मेन पाडा. मेन जवळ नसेल तर कोरडा बांबू, कोरडी वल्ही, प्लॅस्टिकची खुर्ची यानं वायर किंवा माणूस बाजूला करा. ओलं वल्हं चालणार नाही. सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभरच्या वर, आणि दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. दाबल्यावर खटकन पडली तर ठीक. पडली नाही, तर ती खराब आहे किंवा डायरेक्ट केलेली आहे. आज रात्रीच दाबून बघा, फक्त मुलांचा अभ्यास आणि टीव्हीवरची मालिका संपल्यावर, नाहीतर आमच्या नावानं बोटं मोडाल.

वायरमनभाई येत्या दोन रविवारी सकाळी ९ पासून पाणीगेट भागात सभासदांच्या घरी येतील. तपासणीचा खर्च संस्था करेल, सामानाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. पाच-दहा घरांची आरसीसीबी एकत्र घेतली तर भाव कमी करून मिळेल, असं दुकानदाराशी बोलणं झालं आहे. मीटरजवळच्या बोर्डाचा झाकण न उघडता काढलेला फोटो आणि वीजबिलाचा फोटो संस्थेच्या ग्रुपवर पाठवा. घरमालकाला द्यायच्या अर्जाचा मराठी आणि गुजराती नमुना कार्यालयात ठेवला आहे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि फ्रीजर झिणझिणतो, त्यांची घरं पहिल्या रविवारी घेतली जातील. बटण दाबूनही ज्यांची आरसीसीबी पडली नाही, त्यांनी रविवारची वाट न बघता उद्याच कार्यालयात फोन करावा.